हल्ली बाटल्या नाहीत का, काकू?

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारची गोष्ट. रद्दीवाला नेहमीसारखा साडेदहाला आला, दाराबाहेर उकिडवा बसला, गठ्ठ्याला सुतळी आवळली आणि काट्याच्या हुकाला अडकवून हात वर केला. साडेचार किलो भरली. हिशोब चोख, पैसे माझ्या हातावर. पोतं खांद्यावर टाकून तो दोन पायऱ्या उतरला आणि वळून म्हणाला, "हल्ली बाटल्या नाहीत का, काकू?" समोरच्या वहिनी नेमक्या तेव्हाच घराला कुलूप लावत होत्या. त्यांची किल्ली अर्धी फिरून थांबली. मी "नाहीत" म्हटलं आणि दार लावून घेतलं. आत गॅसवर मोहरी जळून कोळसा झाली होती.

दिवसभर तो प्रश्न दातात अडकलेल्या बडीशेपेच्या काडीसारखा जिभेला लागत राहिला. त्याने काय विचारलं होतं नक्की? धंद्याची चौकशी होती, की खोचक होता, की चक्क कौतुक? बरं, आवाजात काहीच नव्हतं. 'हल्ली पाऊस नाही का' असं विचारावं तसा. आणि मला राग आला होता तो वहिनींनी ऐकल्याचा नव्हताच. राग याचा होता की अडीच वर्षं मी ज्याला जिन्याचा भाग समजत होते, कठड्यासारखा, त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्या लेकीला कळायच्या आधी, डॉक्टरांना कळायच्या आधी, आणि खरं सांगायचं तर माझं मला कळायच्याही आधी.

बाटल्या त्याला द्यायच्या हे मी पूर्ण विचार करून ठरवलं होतं. सोसायटीत ओला कचरा-सुका कचरा सुरू झाल्यापासून सुक्याचा डबा खाली गेटापाशी उघडा असतो, कुणाच्या घरातून काय निघालं ते येणारा-जाणारा बघतो. म्हणून मी एकेक बाटली पेपरात गुंडाळायचे, भाजीच्या पिशवीत भरायचे आणि रद्दीबरोबर त्याच्यापुढे सरकवायचे. तो पिशवीत हात घालून चाचपायचा, बाहेर एकही काढायचा नाही. नुसता आकडा बोलायचा. "चौदा." मग "बावीस." मग "छत्तीस." आणि पोत्यात भरताना मधेमधे पेपर सरकवायचा. माझ्या बाटल्या त्याच्या पोत्यात कधी वाजल्या नाहीत. हे आता लिहिताना लक्षात येतंय.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. श्रावणातला रविवार होता, दाढी करायला बेसिनपाशी उभे राहिले आणि तिथेच बसले. एवढंच. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, आणि आहे ते मला लिहिता येणार नाही. तेराव्याच्या रात्री पाहुणे पांगले, मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत उभी होते. वन्संनी वरच्या फडताळातून, डिंकाच्या डब्यामागून ब्रँडीची बाटली काढली. आपल्याकडे अशी बाटली असतेच. सर्दीला, बाळंतिणीला, पावसात भिजून आलेल्याला. चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यात घालून त्यांनी मला दिली. म्हणाल्या, "औषध आहे गं, झोप तरी लागेल." आणि लागली. चौदा दिवसांत पहिल्यांदा मी सहा तास सलग झोपले. वन्संना मी दोष देत नाही. म्हणजे वर्षभर मनातल्या मनात भरपूर दिला, आता नाही देत. त्यांनी माझ्यासाठी केलं ते मायेनेच केलं आणि ते चमच्याच्या मापाने केलं. माप मी बदललं.

चमच्याचं झाकण झालं, झाकणाचं अर्ध फुलपात्र. फुलपात्र ही वस्तू या कामाला फार सोयीची, स्टीलचं असल्यामुळे आत काय आहे दिसत नाही. ब्रँडीचा रंग आणि वास नडायला लागला तेव्हा मी व्होडकावर आले. व्होडकाला वास येत नाही असा एक समज आहे. येतो. मी वर वेलदोडा चघळायचे, म्हणजे दोन्हींचा यायचा. जन्म जिल्हा परिषदेत लेखा विभागात गेला, त्यामुळे आकडे वाचल्याशिवाय राहवत नाही. लेबलावर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली नुसतं अल्कोहोल. एवढा हिशोब मी दर संध्याकाळी बरोबर करत होते. पुढे, महिन्याची बेरीज मात्र कधी मांडली नाही. ती रद्दीवाला मांडत होता.

दारू ठाण्यात विकत घेणं शक्यच नव्हतं. नौपाड्यातून गोखले रोडला लागेपर्यंत चार जणी थांबवून 'कशी आहेस' विचारतात, आणि विधवेला जरा जास्तच मऊ आवाजात विचारतात. मुलुंड एक स्टेशन. दुपारी दोनची गर्दी नसलेली लोकल, बायकांचा डबा, कोपरी मागे पडली की आपण कुणाच्या कुणी नसतो. दुकान जाळीचं, गल्ल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि त्यांनी काही विचारायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "मिस्टरांसाठी हवी होती."

आयुष्यभर हे सोलकढीपलीकडे गेले नाहीत. ऑफिसच्या पार्टीतून परत आले की शर्टाला दुसऱ्यांच्या सिगारेटचा वास यायचा म्हणून ओशाळायचे. अशा माणसाला मी त्याच्या मरणानंतर मुलुंडच्या एका दुकानात पिणारा करून ठेवला. आधी आठवड्याला एक, मग तीन, मग रोज. गृहस्थ हळूहळू हळहळायला लागले. एकदा पाकीट देताना हळूच म्हणाले, "ताई, साहेबांना जरा आवरा. दोन होतात आता." मी डोळे खाली केले, सोसणाऱ्या बाईसारखे. घरी येताना क्वार्टर नॅपकिनमध्ये, नॅपकिन पर्समध्ये, वर मेथीची जुडी. गाडीत एक बाई म्हणाली, "मेथी छान मिळाली हो तुम्हाला."

आता एक गंमत सांगते. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, आणि तो परवाना आरोग्याचं रक्षण व्हावं म्हणून दिला जातो. शब्द साधारण असेच आहेत. मला कुणी तो कधी मागितला नाही. पण हे वाचलं तेव्हा वाटलं, वन्संचा चमचा आणि सरकारचा कागद, दोघं एकाच भाषेत बोलतात.

पकडलं मला बँकेने. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, पेन्शनवाल्या माहेरवाशिणी असल्यासारख्या आम्ही सगळ्या त्या महिन्यात तिथे भेटतो. त्या सुमाराला सकाळी माझे हात थरथरायचे आणि दोन घोट पोटात गेले की थांबायचे. रांगोळीची रेघ, सुईत दोरा, चहाचा कप, सगळं त्या दोन घोटांवर चालायचं. त्या दिवशी मात्र वास येईल म्हणून तशीच गेले. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर पुढे केलं, मी सही केली. तिने संगणकात पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "आजी, परत करा, जुळत नाहीये." दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा तर माझं आडनाव रेघेवरून खाली घसरलं. चौतीस वर्षं जिच्या सहीवर बिलं पास झाली त्या बाईला आपण जिवंत असल्याची सही जमेना. मुलगी चांगली होती, म्हणाली, "अंगठा घेऊ का?" मी उठून घरी आले आणि सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या.

हे मी शौर्य म्हणून सांगत नाहीये, मूर्खपणा म्हणून सांगतेय. मनाचा निश्चय वगैरे आपल्याला फार आवडतो. कुणाला सांगितलं नाही, दार लावून घेतलं, देवापुढे उदबत्ती लावली. दुसऱ्या रात्री घामाने गादी भिजली. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या चालायला लागल्या, ओळीने, ह्यांच्या फोटोकडे. मी फडक्याने पुसत होते, त्या हटत नव्हत्या. पहाटे लेकीला फोन केला तो मुंग्यांची पावडर आण म्हणून. ती कासारवडवलीहून घोडबंदर रोडने निघाली आणि मी दार उघडलं तेव्हा तिला पावडरचं नावही काढावं लागलं नाही. जिना उतरताना मला फिट आली. पुढे डॉक्टरांनी रागावून सांगितलं की रोज पिणाऱ्याने असं घरच्या घरी एकदम बंद करायचं नसतं, माणूस दारूने मरतो तसा ती अचानक तोडल्यानेही मरू शकतो. आठ दिवस ॲडमिट होते. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, शांत ठेवणाऱ्या गोळ्या, त्या रोज थोड्या कमी करत आणलेल्या. लेक उशाशी बसून होती. एकदाच बोलली, "मला वाटायचं तू बाबांच्या आठवणीने अशी होतेस."

मलाही तसंच वाटायचं. किंवा वाटवून घेतलं होतं. दुःख हे इतकं सभ्य कारण आहे की त्याच्या पदराखाली काहीही झाकतं. दार उघडायला उशीर झाला, फोन घेतला नाही, लग्नाला गेले नाही, प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, अजून सावरली नाहीये बिचारी.

त्याच डॉक्टरांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या गटाचा, पत्ता दिला. लेकीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचंही पाहून ठेवलं होतं, पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. पण मला घर सोडवेना. मीटिंग संध्याकाळी सात वाजता, एका शाळेच्या वर्गात. मी दारात पोचले तर आत वीस-बावीस पुरुष, पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. एक तरुण मुलगा लगबगीने उठून आला आणि फार अदबीने म्हणाला, "मावशी, अल-अनॉनची मीटिंग शेजारच्या वर्गात आहे." अल-अनॉन म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांची. बायकोची, आईची. मुलुंडचे गृहस्थ आणि हा मुलगा, दोघांनी मला एकाच जागी बसवलं होतं. खोटं सांगू नये, क्षणभर वाटलं, जावं शेजारीच. तिथे बसून ह्यांच्याबद्दल रडावं. कुणाला कळणार होतं? पाय दाराशी रेंगाळले. मग म्हटलं, "नाही रे बाळा, मीच."

त्याने पंख्याखालची खुर्ची दिली. फळ्यावर ल.सा.वि. काढायचं अर्धवट राहिलेलं गणित होतं. लोक बोलत होते आणि मी मनात ते सोडवत होते. माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितलं, पुढचं वाक्य काही फुटेना. कुणी आग्रह केला नाही. शेवटी पिशवी फिरली, दहा-वीस रुपये ज्याचे त्याने टाकले. बाहेरच्या कुणाचे पैसे ते घेत नाहीत. हे मला त्यांच्या सगळ्या तत्त्वांपेक्षा आधी पटलं, लेखा विभागाची सवय. नंतर वाचलं की १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघे पिणारे, तासन्‌तास एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. भारतात १९५७ साली आलं. औषध नाही, उपदेश नाही, एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलतो, बस्स.

बायकांच्या बाबतीत एक आकडा मला नंतर सापडला. २०१९ साली केंद्र सरकारची एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के, बायकांचं १.६. मी त्या १.६ कडे बराच वेळ बघत बसले. दशांश चिन्हानंतरच्या सहात कुठेतरी मी, मेथीची जुडी घेऊन. आणि डॉक्टर सांगत होते की तेवढीच दारू बाईच्या रक्तात जास्त चढते, शरीरात पाणी कमी असतं म्हणून, आणि लिव्हरही लवकर बिघडतं. मला आपलं उगाच वाटलं, इथेही अर्ध्या मापात पूर्ण किंमत.

पहिले तीन महिने मी ठीक होते. चौथ्यात जांभळी नाक्याला भाजी घेताना पडवळ दिसलं. ह्यांना पडवळ इतकं नावडायचं की लग्नानंतर मी ते कधी घरात आणलं नव्हतं. आता आणायला काय हरकत, म्हणून अर्धा किलो घेतलं, आणि भाजीवालीने ते मोडून कागदात बांधताना जो कट्‌ असा आवाज झाला त्याने मी उभी हलले. कौपिनेश्वराच्या देवळात जाऊन बसले. दुपारची वेळ, फरशी गार, कुठेतरी नळ ठिबकत होता. इतकी रडले की एका म्हाताऱ्या आजोबांनी येऊन प्रसादाचा खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला. ते काय समजले असतील ते असोत. तेराव्याला मी रडले नव्हते, वर्षश्राद्धालाही नाही. लोक म्हणाले होते, खंबीर आहे.

तिथून उठून मी सरळ स्टेशनवर गेले. मुलुंडची गाडी पकडली. हातात पडवळ. डोक्यात एकच, हे आत्ता, ताबडतोब थांबायला हवं. मीटिंगमध्ये सांगतात की असं वाटलं तर कुणाला तरी फोन कर. फोन पर्समध्ये होता, मी केला नाही. जाळीपाशी पोचले. गृहस्थांनी मला लांबूनच ओळखलं, मागे वळून नेहमीच्या दोन क्वार्टर काढून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी ताई. साहेब बरे आहेत ना?"

मी म्हटलं, "गेले."

"अरेरे. कधी हो?"

चार महिने कमी तीन वर्षं असं गणित पाठ होतं मला. तोंडून निघालं, "आत्ताच."

त्यांनी दोन्ही हात जोडले. बाटल्या अजून काउंटरवर होत्या. मग त्यांनीच त्या उचलून मागच्या फळीवर ठेवल्या, मेलेल्या माणसाला आता त्या लागणार नव्हत्या ना. मी तशीच उभी. त्यांनी आतून पाण्याची बाटली मागवली, स्टुल दिलं. पाणी प्यायले आणि परतीची गाडी पकडली. पडवळाची भाजी त्या रात्री केली, चण्याची डाळ घालून. ह्यांचं बरोबर होतं, भाजी काही खास नाही.

येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. मागच्या वर्षी बँकेत सही पहिल्या फटक्यात जुळली. हे असं लिहिलं की सगळं सुरळीत वाटतं, तसं नाही. गटारीच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर लोकांचे विनोद येतात तेव्हा मी फोन उलटा ठेवते. खोकल्याचं औषध घेताना लेबल वाचते. संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ अजून लांब वाटते, त्या वेळात मी तलावपाळीला दोन फेऱ्या मारते, कणीस भाजणाऱ्याच्या धुरातून, बोटीत बसायला हट्ट करणाऱ्या पोरांमधून.

तर, रद्दीवाला. काल तो आला. मी दार पूर्ण उघडं ठेवलं, वहिनींचंही उघडं होतं, असू दे. त्याने काटा लावला आणि मी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना रे?"

"काय?"

"बाटल्या."

तो हसला नाही. "काकू, मी घराघरात जातो. कोण काय वाचतं, कोण काय खातं, पोरगं बारावीला बसलं की पुस्तकं, लग्न ठरलं की खोकी. सगळं माझ्याकडेच येतंय."

"कुणाला बोललास?"

"बोलून मला काय मिळणार? बाटलीमागं रुपया सुटतो, तोही गेला." मग सुतळी गुंडाळताना, जणू मी धंद्यातलीच कुणी असल्यासारखं, म्हणाला, "आता तिसऱ्या मजल्यावर निघतात. पेपरात बांधून देतात, तुमच्यासारखंच."

आमची बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट नाही, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा फक्त होतात. तिसऱ्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं आहेत. एकात नोकरी करणारी तीन पोरं भाड्याने राहतात. दुसरं माझ्या डोक्यावर बरोबर. त्या बाईंचा मुलगा मार्चमध्ये गेला. मी तेराव्याला गेले होते, जेवले होते. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला वर खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मला वाटायचं, झोप येत नसेल. माझ्या खालच्यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत असेल.

बाटल्या पोरांच्याही असतील. पोरं पेपरात बांधून देतील का, हा प्रश्न आहे.

संध्याकाळी अळूवड्या केल्या, डब्यात भरल्या, वर गेले. आत टीव्ही चालू होता, मोठ्याने. बेलवर बोट ठेवलं. त्यांना म्हणायचं काय? 'मला रद्दीवाल्याने सांगितलं'? 'झोप लागते का हो'? वर्गात वीस पुरुषांपुढे फुटेना ते वाक्य इथे कसं फुटणार होतं. आत काहीतरी स्टीलचं खाली पडलं, गोल फिरत फिरत थांबलं. मी बेल न दाबता खाली आले. अळूवड्या रात्री मीच खाल्ल्या, चार उरल्या त्या सकाळी चहाबरोबर.

आज परत अळू आणलंय. पानं मोठी आहेत, शिरा काढायला वेळ लागेल.